शिवण गेली, तरी भिंत चौकटीचौकटीची का दिसते?

प्रश्न थोडक्यात असा. ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या धर्तीवर गोडो या खेळ बनवायच्या इंजिनात एक मॅप, म्हणजे खेळातली जागा, बांधायचा आहे. भिंतींचे फोटो मोबाइलवर काढले, गिम्प या चित्रसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑफसेट करून (कडा मध्यभागी आणून) मधली शिवण क्लोन टूलने पुसली आणि ४०९६ पिक्सेल आकाराची बारा टेक्स्चरं (पृष्ठांवर चढवायची चित्रं) तयार केली. तरीही तटबंदी लांबून फरशी बसवल्यासारखी चौकटीचौकटीची दिसते आणि जवळून धूसर दिसते. लॅपटॉप अडखळतो. संध्याकाळचा उजेड लावला की दगडांच्या सावल्या भलत्याच बाजूला पडतात. याशिवाय किल्ल्यातल्या मानमंदिर महालावरच्या निळ्या लाद्यांची पट्टी कशी करायची आणि नॉर्मल मॅपमध्ये (सपाट पृष्ठाला उंचसखलपणाचा भास देणाऱ्या चित्रात) सांधे आत जायच्या ऐवजी बाहेर का येतात, हेही विचारलं आहे.

या यादीत शिवण ही सगळ्यांत किरकोळ अडचण आहे, आणि तुम्ही तीच आधी सोडवली. भिंतीच्या फोटोत तीन गोष्टी एकमेकांत मिसळलेल्या असतात: दगडाचा स्वतःचा रंग, त्या वेळचा उजेड आणि त्या एका जागेच्या खुणा. इंजिनाला यातली फक्त पहिली हवी असते. उजेड ते स्वतः लावतं आणि खुणा आपण हव्या तिथे वेगळ्या लावतो. उजेड न काढता शिवण पुसली, तर डावीकडून उजवीकडे उतरत जाणारा उजेड प्रत्येक तुकड्यात तसाच राहतो आणि वीस वेळा लागोपाठ दिसतो. तीच तुमची चौकट, आणि फोटोतून आलेल्या सावल्या याच तुमच्या भलत्या बाजूच्या सावल्या. त्यामुळे क्रम असा ठेवा: माप, फोटो, सरळ करणं, उजेड काढणं, थरांवर कापणं, मग शिवण, मग खुणा, आणि सगळ्यांत शेवटी आकार लहान करणं. तुम्ही सहाव्या पायरीपासून सुरुवात केली आहे.

काही गोष्टी खेळावर अवलंबून आहेत आणि त्या तुम्ही लिहिलेल्या नाहीत. खेळाडू भिंतीला नाक लावून चालणार असेल, तर एका मीटरला ५१२ पिक्सेल हे बरं माप आहे. कॅमेरा वरून, दहा-पंधरा मीटरवरून बघणार असेल तर १२८ ते २५६ पुरतात. खेळ मोबाइलवर चालवायचा असेल तर आणखी हात आखडावा लागेल. पुढचा सगळा हिशोब मी ५१२ धरून मांडतो. तुमचं माप वेगळं असेल तर आकडे त्या प्रमाणात बदला, पण एका मॅपसाठी एकच माप ठरवा. दाराची चौकट १०२४ ला, शेजारची भिंत २०० ला असं झालं की चांगली टेक्स्चरंसुद्धा एकमेकांशेजारी खोटी वाटतात.

धूसरपणाचं कारण याच मापात आहे. ४०९६ चं एक टेक्स्चर वीस मीटर लांबीच्या भिंतीवर ताणलं तर मीटरमागे जेमतेम २०५ पिक्सेल मिळतात. तेच १०२४ चं टेक्स्चर दोन मीटरचं धरून दहा वेळा लावलं, तर मीटरमागे ५१२ मिळतात. म्हणजे आकार सोळाव्या हिश्शाचा आणि तपशील अडीच पट. ‘मोठं टेक्स्चर म्हणजे स्पष्ट टेक्स्चर’ ही समजूत इथे आपटते.

लॅपटॉप अडखळण्याचं उत्तरही बहुधा इथेच सापडेल. ४०९६ × ४०९६ चं टेक्स्चर कॉम्प्रेस न करता ग्राफिक्स मेमरीत गेलं तर ६४ एमबी घेतं. मिपमॅपचा (लांबून दाखवायच्या लहान प्रतींचा) एक तृतीयांश धरला की ८५. बारा टेक्स्चरांचा मिळून एक जीबी झाला, आणि यात नॉर्मल मॅप अजून धरलेलेच नाहीत. गोडोच्या इम्पोर्ट टॅबमध्ये प्रत्येक टेक्स्चरचा कॉम्प्रेस मोड बघा. तिथे ‘लॉसलेस’ असेल तर ‘व्हीरॅम कॉम्प्रेस्ड’ करा, मिपमॅप चालू करा आणि रीइम्पोर्ट दाबा. पारदर्शकता नसलेल्या टेक्स्चरला डेस्कटॉपवर साधारण आठवा हिस्सा मेमरी लागते. गिम्पमधून एक्स्पोर्ट करण्याआधी ‘लेयर’ मेनूतल्या ‘ट्रान्स्परन्सी’मध्ये जाऊन ‘रिमूव्ह अल्फा चॅनल’ करायला विसरू नका. काहीही पारदर्शक नसताना पारदर्शकतेचा हा अल्फा चॅनल राहिला, तर कॉम्प्रेस केलेल्या टेक्स्चरचं वजन उगाच दुप्पट होऊ शकतं.

आता फोटो. आहेत त्यांच्यावर चार दिवस घालवण्यापेक्षा एका सकाळी नवे काढलेले परवडतात, आणि ग्वाल्हेरचं हवामान या कामाला फार सोयीचं आहे. डिसेंबर-जानेवारीत सकाळी धुकं असतं. तेव्हा उजेड सगळीकडून सारखा येतो आणि दगडावर सावलीच पडत नाही. कॅमेरा भिंतीपासून तीन-चार मीटरवर असेल तर बेताच्या धुक्याने फोटो फिका पडत नाही. धुकं नसेल तर उत्तरेकडे तोंड असलेली भिंत शोधा. सप्टेंबरच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत तिच्यावर थेट ऊन येतच नाही. सगळ्यांत वाईट वेळ म्हणजे जूनची दुपार. सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, ऊन भिंतीला घासून खाली उतरतं आणि प्रत्येक चिऱ्याखाली काळी रेघ ओढली जाते. ती रेघ कुठल्याही फिल्टरने नीट निघत नाही. पावसाळ्यातलं ढगाळ आभाळ चांगलं, पण दगड पूर्ण वाळू द्या. ओला वालुकाश्म गडद आणि चकचकीत होतो, आणि अर्धवट वाळलेली भिंत तर डागाडागांची दिसते.

सावलीतल्या भिंतीवर आभाळाचा निळा उजेड पडतो, त्यामुळे किल्ल्याचा पिवळसर दगड फोटोत राखाडी येतो. चौकटीच्या कडेला ग्रे कार्ड (ठरावीक राखाडी रंगाचा पुठ्ठा) धरून एक फोटो काढा आणि नंतर व्हाइट बॅलन्स त्यावरून बसवा. झेरॉक्सचा पांढरा कागद हा तितकासा चांगला पर्याय नाही. कागद शुभ्र दिसावा म्हणून त्यात घातलेली द्रव्यं सावलीत निळसर चमकतात, आणि त्यावरून रंग बसवला की भिंत हळद लावल्यासारखी होते. मोबाइलमध्ये एचडीआर आणि फ्लॅश बंद करा, बोट दाबून धरून फोकस-एक्स्पोजर लॉक करा. वाइड लेन्स नको. मागे सरका आणि दोनपट झूमवर काढा, म्हणजे चौकटीच्या कडा वाकत नाहीत. भिंतीच्या पायथ्याशी एक मीटरची पट्टी आडवी आणि एक उभी ठेवून एक फोटो घ्या. किल्ला संरक्षित स्मारक आहे. तिथे भिंतीला काही चिकटवायचं नाही, आणि ट्रायपॉडला वेगळी परवानगी लागते. दिवसाच्या उजेडात मोबाइल हातात धरून काम होतं.

किती जवळून काढायचं? बारा मेगापिक्सेलचा फोटो साधारण ४००० × ३००० चा असतो. त्यात तीन मीटर रुंद भिंत मावली तर मीटरमागे १३३३ पिक्सेल मिळतात, म्हणजे आपल्या ५१२ च्या अडीच पटीहून जास्त. एवढी शिल्लक हवीच, कारण सरळ करताना, क्लोन करताना आणि शेवटी लहान करताना ती कामी येते. काम कायम दुप्पट आकारात, म्हणजे २०४८ वर करा आणि अगदी शेवटी १०२४ करा. क्लोनचे बारीक ओरखडे त्या लहान होण्यात जिरून जातात.

गिम्पमध्ये फोटो उघडला की आधी ‘इमेज’ मेनूतल्या ‘प्रिसिजन’मधून ३२ बिट फ्लोटिंग पॉइंट निवडा. मशीन रडत असेल तर १६ बिट. मग पर्स्पेक्टिव्ह टूल घ्या, त्याची दिशा ‘करेक्टिव्ह’ करा आणि चार कोपरे असे ठेवा की वरची-खालची रेघ दगडांच्या थरांवर बसेल. या टूलने रेषा सरळ होतात, पण रुंदी-उंचीचं प्रमाण बरोबर येईलच असं नाही. त्यासाठीच त्या दोन पट्ट्या. आडवा मीटर आणि उभा मीटर सारख्या पिक्सेलांचे होईपर्यंत स्केल करा. ही पायरी वगळली की चिरे जरा ठेंगणे होतात आणि ‘काहीतरी चुकतंय’ असं वाटत राहतं, पण काय ते सापडत नाही.

आता उजेड काढणं. इथे घाई करू नका, सगळ्या कामाचा जीव या पायरीत आहे.

लेयरची नक्कल करा. वरच्या नकलेवर गॉशियन ब्लर द्या, साधारण एका चिऱ्याच्या रुंदीच्या निम्मा ते पाऊण. चिरा ४०० पिक्सेलचा असेल तर २०० ते ३००. त्या लेयरचा मोड ‘ग्रेन एक्स्ट्रॅक्ट’ करा. ब्लरमध्ये उरलेला मोठा चढउतार मूळ चित्रातून वजा होतो आणि राखाडी पार्श्वभूमीवर दगडाचा पोत तेवढा राहतो. ‘न्यू फ्रॉम व्हिजिबल’ने त्याचा वेगळा लेयर करून घ्या. हरवलेला रंग परत द्यायचा आहे, म्हणून मूळ चित्राची वेगळी प्रत १ × १ पिक्सेल इतकी लहान करून तिचा रंग उचला. तो भिंतीचा सरासरी रंग. त्या रंगाने एक लेयर भरा, त्याच्या वर राखाडी पोताचा लेयर ठेवा आणि त्याचा मोड ‘ग्रेन मर्ज’ करा. भिंत परत रंगीत होते, पण आता तिला डावं-उजवं राहत नाही.

यात दोन गोष्टी बिघडतात. ब्लर फार लहान घेतला, तर चिऱ्याचिऱ्यातला रंगाचा फरकही धुऊन निघतो आणि भिंत सिमेंटच्या गिलाव्यासारखी होते. फार मोठा घेतला तर उजेडाचा उतार तसाच राहतो. मधला मार्ग म्हणजे या सपाट केलेल्या चित्राखाली मूळ फोटो ठेवायचा आणि सपाट लेयरची अपारदर्शकता ७५ ते ८० टक्के करायची. दगडांचं वेगळेपण थोडं परत येतं. हे सगळं कापण्याच्या आधी, पूर्ण फोटोवर करा. ब्लर चित्राच्या कडेला गडबड करतो, आणि ती कड नंतर कापली जाणारच असते.

जेपीजीबद्दल एक सूचना. जेपीजी चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे ठोकळे करून ते दाबतं. सरळ करणं आणि कॉन्ट्रास्ट वाढवणं यानंतर ते ठोकळे वर येतात, आणि पिवळसर वालुकाश्मावर तर लगेच दिसतात. मोबाइल रॉ फोटो देत असेल तर तोच घ्या. नसेल तर सगळ्यांत वरच्या दर्जाचा जेपीजी, आणि त्यानंतरची प्रत्येक साठवण एक्ससीएफ (गिम्पचा स्वतःचा फाइल प्रकार) किंवा पीएनजीत.

उजेड निघाला की कापायचं, पण कुठेही नाही. घडीव दगडाच्या भिंतीत आडवे थर असतात. टेक्स्चरमध्ये पूर्ण थर बसले पाहिजेत, साडेसहा नाही. समजा एक थर ३० सेंटिमीटरचा आहे. दोन मीटरमध्ये ६.६७ थर बसतात, म्हणजे टेक्स्चर दोन मीटरचं धरलं तर वरच्या सांध्याशी एक पातळ खापरी येणार आणि ती दर दोन मीटरवर भिंतभर रेघ ओढणार. त्याऐवजी सात थर घ्या, ते २.१ मीटर होतात. टेक्स्चर १०२४ चंच ठेवा आणि मटेरियलमध्ये (इंजिनातल्या पृष्ठाच्या सेटिंगमध्ये) ते २.१ मीटरला एकदा येईल असं बसवा. मीटरमागे ५१२ ऐवजी ४८८ पिक्सेल होतात, आणि एवढा फरक कुणाच्या डोळ्याला कळत नाही. वरची आणि खालची कड बरोबर दरजेच्या मध्यावर कापा. आडवी शिवण तिथल्या तिथे मिटते, क्लोन फिरवावाच लागत नाही.

उभी शिवण मात्र राहते, कारण थर एकाआड एक सरकलेले असतात आणि उभी कड निम्म्या थरांत दगडाच्या पोटातून जाते. ‘लेयर’, ‘ट्रान्सफॉर्म’, ‘ऑफसेट’ उघडा (शिफ्ट, कंट्रोल आणि ओ), आडवं अंतर निम्म्या रुंदीइतकं आणि उभं शून्य द्या, ‘रॅप अराउंड’ निवडा. शिवण मध्यभागी येते. बहुतेक जण इथे क्लोन टूलचा मऊ ब्रश घेऊन शिवण घासत बसतात. त्याने दोन अर्धे दगड जोडून एक धुरकट दगड होतो, आणि तो धुरकट पट्टा पुन्हा दर दोन मीटरवर दिसतो. त्यापेक्षा शिवणीवर अख्खा दगड बसवा. त्याच थरातला किंवा फोटोच्या उरलेल्या भागातला जवळपास त्याच लांबीचा चिरा फ्री सिलेक्टने दरजेसकट उचला, वेगळ्या लेयरवर शिवणीवर ठेवा, दोन-तीन टक्के लांब-आखूड करा आणि लेयर मास्कने कडा दरजेवरच मिटवा. दगड दगडात विरघळत नाही, तो दरजेपाशी संपतो. तुमचा जोडही तिथेच संपला पाहिजे. सात थर असतील तर असे तीन-चार दगड बसवावे लागतात, अर्ध्या तासाचं काम. उरलेल्या बारीक जागांना हील टूल चालतं.

अनगड दगड, माती, शेवाळ, डांबर अशा विस्कळीत पृष्ठांना ही पद्धत लागत नाही. तिथे ऑफसेट आणि हील पुरतं. क्रिता हे चित्रकलेचं सॉफ्टवेअर असेल तर डब्ल्यू दाबून रॅप-अराउंड मोडमध्ये थेट रंगवा. ‘टाइल सीमलेस’ नावाचा तयार फिल्टर गिम्पमध्ये आहे, तो वाळूला आणि गवताला ठीक. दगडी भिंतीवर वापरला की एका दगडातून दुसरा दगड भुतासारखा डोकावतो.

आता खुणा. टेक्स्चर ४ × ४ वेळा शेजारीशेजारी लावा (‘फिल्टर्स’, ‘मॅप’, ‘टाइल’), मग सगळं चित्र लहान करून एकेक तुकडा ६४ पिक्सेलवर आणा आणि खुर्ची मागे सरकवून बघा. लांबून इंजिन साधारण हेच दाखवत असतं, कारण मिपमॅप म्हणजे अशाच लहान केलेल्या प्रती. या चित्रात डोळा जिथे अडकतो तिथेच खेळातही अडकणार. किल्ल्याच्या भिंतींवर त्या जागा ठरलेल्या असतात: पाणी ओघळून पडलेला काळा पट्टा, दगडफुलाचा पांढरा गोल, टवका उडालेला कोपरा, आणि कुणीतरी खिळ्याने कोरून ठेवलेलं नाव व बाण घुसलेला बदाम. तो बदाम सोळा वेळा दिसला की गेली इतिहासाची हवा. हे सगळं मूळ टेक्स्चरमधून पुसा, पण फेकू नका. प्रत्येक खूण पारदर्शक पार्श्वभूमीवर वेगळी साठवा आणि डेकल (भिंतीवर वरून चिकटवायचं चित्र) म्हणून हवी तिथे एकदाच लावा. गोडो ४ मधला डेकल नोड ‘फॉरवर्ड प्लस’ आणि ‘मोबाइल’ रेंडररवर (पडद्यावर चित्र काढणाऱ्या इंजिनाच्या भागावर) चालतो. जुन्या लॅपटॉपसाठी ‘कम्पॅटिबिलिटी’ निवडला असेल, तर भिंतीपासून अर्धा सेंटिमीटर पुढे पातळ चौकोनी मेश (त्रिमितीय आकार) लावून तेच साधतं. अगदी चिकटवून लावू नका, दोन पृष्ठं एकमेकांत लुकलुकायला लागतात.

खुणा काढल्यावर भिंत नीरस वाटेल. ती तशीच वाटायला हवी. वैविध्य टेक्स्चरमध्ये कोंबायचं नसतं, ते वरून द्यायचं असतं. २५६ आकाराचं एक धूसर ढगाळ चित्र करा. त्यातला सगळ्यांत गडद आणि सगळ्यांत उजळ भाग यांत दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त फरक नको. ते वेगळ्या यूव्हीवर (चित्र पृष्ठावर कसं बसेल ते ठरवणाऱ्या मांडणीवर) सोळा-वीस मीटरला एकदा येईल असं भिंतीच्या रंगाशी गुणा. पायथ्याशी ओल आणि वर उन्हाने फिकटलेला रंग हवा असेल, तर तो मेशच्या व्हर्टेक्स रंगात (कोपऱ्यांच्या बिंदूंना दिलेल्या रंगात) द्या. या दोन स्वस्त गोष्टी मिळून एका १०२४ च्या टेक्स्चरवर शंभर मीटर तटबंदी निभावून नेतात.

रंगाची एक मर्यादा पाळा. कुठल्याही टेक्स्चरमध्ये निखळ काळा किंवा निखळ पांढरा नको. दगड, माती, लाकूड यांच्यासाठी ० ते २५५ च्या पट्टीवर ३० ते २४० यांच्या आतच राहा. दरजा अगदी काळ्या केल्या की त्या कुठल्याही उजेडात उजळत नाहीत, आणि मशाल लावली तरी भिंतीवर शाईच्या रेघा उरतात. मॅपमधली सगळी टेक्स्चरं १२८ पिक्सेलची करून एका कागदावर शेजारीशेजारी लावून बघा. तट, पायऱ्या आणि जमीन यांपैकी एक जण ओरडत असेल तर लगेच कळतं.

मानमंदिराच्या पट्टीचं काम वेगळं आहे, आणि इथे माझा सल्ला फोटोच्या विरुद्ध आहे. राजा मानसिंह तोमरने (कारकीर्द १४८६ ते १५१६) बांधलेल्या या महालाच्या दर्शनी भागावर झिलईच्या लाद्यांत निळ्या रंगावर पिवळी बदकं, हत्ती, मगरी, केळीची झाडं आहेत. ती उंचावर आहेत. खालून काढलेला फोटो तिरका येतो, झिलईत आभाळ चमकतं, आणि वर सांगितलेली ब्लर वजा करण्याची युक्ती इथे उलटते: निळ्या-पिवळ्याचे मोठे सपाट भाग हेच ब्लर होऊन वजा होतात आणि प्रत्येक बदकाभोवती राखाडी प्रभावळ उमटते. म्हणून फोटो नुसता संदर्भाला घ्या आणि पट्टी काढा. पाथ टूलने एक बदक आखा, सपाट रंग भरा, रांग लावा. मग चार-पाच बदकांच्या कडा जरा हलवा, कुठे रंग दोन टक्के फिका करा, दोन-तीन ठिकाणी झिलई उडवून खालचा दगड दाखवा. सगळ्यांत वर सपाट केलेल्या दगडाचा राखाडी पोत दहा टक्के ‘ग्रेन मर्ज’ने द्या, म्हणजे पट्टी शेजारच्या भिंतीशी नातं सांगते.

अशा पट्ट्या एकेकट्या साठवू नका. २०४८ × २०४८ च्या एकाच टेक्स्चरमध्ये वरून खाली रचा: बदकांची पट्टी, कोरीव कंगोरा, छज्ज्याची कड, पायरीचं नाक. यालाच ट्रिम शीट म्हणतात. आपल्या ५१२ च्या मापाने त्याची रुंदी चार मीटर होते. ५० सेंटिमीटरची पट्टी २५६ पिक्सेल घेते, २५ सेंटिमीटरचा कंगोरा १२८. पट्ट्या फक्त आडव्या दिशेने जुळाव्या लागतात, म्हणजे निम्मी कटकट वाचली. दोन पट्ट्यांमध्ये १६ पिक्सेलचं अंतर ठेवा आणि त्यात कडेचाच रंग ताणून भरा. मिपमॅपच्या प्रत्येक पायरीला हे अंतर निम्मं होत जातं: आठ, चार, दोन, एक. अंतर ठेवलं नाही तर लांबून कंगोऱ्याच्या कडेला निळी रेघ झिरपते.

नॉर्मल मॅपकडे वळू. फोटोवर थेट फिल्टर चालवला तर उजळ ते उंच आणि गडद ते खोल असं ते धरून चालतं. दगडाचा रंग आणि खोली यांचा तसा काही करार नसतो: काळं शेवाळ खड्डा होतं आणि चुन्याने भरलेली पांढरी दरज फुगून बाहेर येते. तुमचे सांधे वर येण्याचं एक कारण हेच असू शकतं. उंचीचं चित्र हाताने करा. चिऱ्यांचे आकार आधीच आखलेले आहेत. प्रत्येकाला १७० ते २०० मधला थोडा वेगळा राखाडी द्या, दरजांना ९० च्या आसपास, कडांना २-३ पिक्सेल ब्लर, वर पोताचा लेयर पंधरा-वीस टक्के. हे चित्र ३ × ३ वेळा शेजारीशेजारी लावा, त्यावर ‘फिल्टर्स’, ‘जेनेरिक’, ‘नॉर्मल मॅप’ चालवा आणि मधला तुकडा कापून घ्या. एकट्या तुकड्यावर चालवलं तर कडांना शेजारी काय आहे हे फिल्टरला कळत नाही आणि पुसलेली शिवण नॉर्मल मॅपमधून परत येते.

रफनेस, म्हणजे पृष्ठ किती खरखरीत ते, रंगाच्या चित्रावरून उलटवून काढू नका. वालुकाश्माला सरळ ०.८५ ते ०.९५, दरजांना ०.९५, झिलईच्या लाद्यांना ०.२ ते ०.३५, आणि झिलई उडालेल्या जागी पुन्हा दगडाचा आकडा. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात ही पट्टी लकाकली आणि भिंत कोरडी राहिली, की लांबूनही फरक ओळखू येतो. जमिनीच्या आणि फरसबंदीच्या मटेरियलला सॅम्पलिंगमध्ये ‘लिनिअर मिपमॅप ॲनिसोट्रॉपिक’ निवडा. चालताना पाच मीटर पुढची फरशी धुऊन निघाल्यासारखी दिसते, तिचं औषध तेच.

दगडी जाळ्यांचं तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढचा अडथळा तोच असणार म्हणून दोन ओळी. जाळीची भोकं पारदर्शक केली की त्या पिक्सेलांचा लपलेला रंग बहुधा पांढरा किंवा काळा असतो, आणि तो कडेला किनार होऊन दिसतो. गोडोच्या इम्पोर्टमधलं ‘फिक्स अल्फा बॉर्डर’ चालू ठेवा. मटेरियलमध्ये ‘अल्फा सिझर’ (ठरावीक मर्यादेहून पारदर्शक पिक्सेल कापून टाकणारा पर्याय) वापरा. जाळी लांबून विरळ होत असेल तर त्याची मर्यादा ०.५ वरून ०.४ वर आणा.

फाइलची नावं छोट्या रोमन अक्षरांत, मोकळी जागा न सोडता द्या. विंडोजवर लहान-मोठ्या अक्षरांचा फरक चालून जातो. तोच प्रोजेक्ट लिनक्स किंवा अँड्रॉइडवर नेला की टेक्स्चर सापडत नाही.

राहिला उलट्या सांध्यांचा प्रश्न. उंचीचं चित्र बरोबर असूनही सांधे बाहेर येत असतील तर नॉर्मल मॅपचा हिरवा चॅनल (उभी दिशा सांगणारा रंग) उलटा आहे. गोडो आणि युनिटीला हिरवा वरच्या दिशेने लागतो, अनरीअलला खालच्या दिशेने, आणि नेटवरच्या शिकवण्या दोन्ही प्रकारच्या असतात. तपासायला मॅपमध्ये एकच दिवा ठेवा, भिंतीच्या बरोबर वर. चिऱ्याची वरची कड उजळली तर ठीक. खालची उजळली तर गिम्पच्या नॉर्मल मॅप फिल्टरमध्ये वायची, म्हणजे उभी, दिशा उलटवून पुन्हा एक्स्पोर्ट करा. किंवा इम्पोर्ट टॅबमध्ये ‘नॉर्मल मॅप इन्व्हर्ट वाय’वर खूण करा. दोन्ही एकदम केलंत तर पुन्हा जिथल्या तिथे.